दहापैकी दहा

५ जानेवारी, बदनापूर

भागचंद शेठनं दुकानाची डायरी दिली. दर साली देतात आणि दर साली मी ती कुणाला तरी देऊन टाकतो. यंदा ठेवून घेतली. गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिष्यवृत्तीचा वर्ग घेतला, आणि आता सकाळी सात वाजले की काय करावं ते सुचत नाही. एकच विद्यार्थिनी उरली आहे, ती पोटची, आणि तीही कालपासून केरळात.

प्रियदर्शनी यंदा राष्ट्रीय लीग खेळणार. बचावफळीत मधोमध उभी राहते, आणि डोक्यानं चेंडू परतवण्यात तिचा कुणी हात धरत नाही. ते मी शिकवलंय. शाळेमागच्या लिंबाला जाळीच्या पिशवीत चेंडू टांगून ठेवला होता. आठ वर्षांची असल्यापासून रोज शंभर. नव्याण्णवाला थांबलेलं मला चालायचं नाही.

संध्याकाळी फोन आला. म्हणाली, "पप्पा, आज आमची डोक्याची परीक्षा झाली. बिलकुल तुमच्या स्कॉलरशिपवानी." क्लबचे डॉक्टर दहा शब्द वाचून दाखवतात, ते आठवून सांगायचे. मग आकडे उलटे म्हणायचे, महिने डिसेंबरपासून मागं यायचे. हंगामात कुणाच्या डोक्याला मार लागला तर हीच परीक्षा पुन्हा घेतात आणि आजच्या गुणांशी ताडून बघतात. तिला दहापैकी सात शब्द आठवले.

सात! मी म्हणालो, "माय, सात म्हणजे काय गुण झाले?" ती हसली. म्हणे यात पास-नापास काही नसतं. ज्या परीक्षेत नापास होता येत नाही ती परीक्षा कसली? सवयीनं तोंडातून गेलं, "प्रश्नपत्रिका पाठव." पहिलीपासून आमच्याकडं हा रिवाज आहे. पेपर देऊन आली की चप्पल काढायच्या आधी प्रश्नपत्रिका माझ्या हातात. तिनं डॉक्टरांच्या टेबलावरच्या कागदाचा फोटो काढून पाठवला. तीन याद्या आहेत, प्रत्येकीत दहा हिंदी शब्द. वहीत उतरवून ठेवल्या.

१२ जानेवारी

पहिला सामना जिंकलो. भागचंद शेठनं दुपारी दुकान बंद ठेवून आतल्या मोठ्या टीव्हीवर लावला होता. मी कागदावर रेघा ओढत होतो. चौदा वेळा डोक्यानं चेंडू परतवला पोरीनं. शेठ म्हणाले, "गुरुजी, पोरीचं डोकं है का दगड?" खूप बरं वाटलं.

१९ जानेवारी

कॉर्नरच्या वेळी ती आणि समोरच्या संघातली एक जाडजूड पोरगी, दोघींची डोकी आपटली. प्रियदर्शनी पडली. शेठची सून मोना शेजारी बसली होती, तिनं डोळेच मिटून घेतले. पोरगी उठली मात्र, आणि शेवटपर्यंत खेळली. सामना बरोबरीत सुटला.

सहा वाजता फोन. आवाज रडका. "पप्पा, डोकं जड पडून राह्यलंय. उद्या सकाळी डॉक्टर तीच परीक्षा घेणार. सातापेक्षा कमी आले तर तीन आठवडे बाहेर."

"मंग तुझ्या जागी कोण?"

"लिन्थोई."

लिन्थोई म्हणजे तिच्याच खोलीत राहणारी मणिपूरची मुलगी. तीही बचावातच खेळते. मार्चमध्ये देशाच्या संघासाठी शिबिराची यादी लागायची आहे. तीन आठवडे बाकावर बसलेल्या पोरीकडं कोण बघणार? बावीस वर्षांची आहे ती. पुढच्या साली पुन्हा कुणी विचारेल याची काय खात्री?

मी वही काढली. म्हणालो, "याद्या आहेत ना आपल्याकडं. पाठ करून घेऊ."

तिनं खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं."

शब्द सुटे पाठ होत नाहीत, त्यांची गोष्ट करावी लागते. ही माझी जुनी युक्ती. चावी नदीत पडली, नदीत कांबळं भिजलं, कांबळ्यावर पोपट बसला, पोपट शिडीवर चढला, शिडीवर मीठ सांडलं, मीठ खिडकीतून उडालं, खिडकीत बैल आला, बैलानं कागद खाल्ला आणि घंटा वाजली. चाबी, नदी, कंबल, तोता, सीढ़ी, नमक, खिड़की, बैल, काग़ज़, घंटी. अकरा वेळा म्हणून घेतलं. बाकीच्या दोन याद्यांच्याही गोष्टी केल्या.

२० जानेवारी

दहापैकी दहा! डॉक्टर म्हणाले, पहिल्यापेक्षा चांगलं. रविवारी खेळणार.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो. एका केंद्रावर मी एका पुढाऱ्याच्या पुतण्याला कॉपीसकट उठवलं होतं. वरून तीन फोन आले तरी बसू दिलं नाही. पेपर फोडणाऱ्या माणसाबद्दल मी काय बोलत आलो ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण हा पेपर नव्हे. हा सराव प्रश्नसंच आहे. आणि पाठांतर ही काही चोरी नाही, डोकं चालत असल्याशिवाय पाठ होतं का?

२ फेब्रुवारी

आज तिनं दोनदा फोन केला. सकाळी सांगितलं की काल जेवणात फणसाची भाजी होती. दुपारी पुन्हा तेच, तितक्याच हौसेनं. घरची आठवण येत असणार. तिची आई दैवशाला म्हणाली, "हे तर सकाळीच सांगितलं व्हतं की तिनं." मी म्हणालो, पोरीला बोलायला निमित्त लागतं, बोलू दे.

व्हिडिओवर बघितलं तर भर दुपारी पडदे ओढून अंधारात बसलेली. उजेडाचा त्रास होतो म्हणे. केरळातलं ऊन कडक असेल.

९ फेब्रुवारी

हरलो. अगदी जवळून मारलेला चेंडू तिच्या कानशिलावर बसला. गुडघ्यांवर बसली, मग उठली. पंचांनी बोटं दाखवून काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. पुढं दहा मिनिटं ती चेंडूपाशी जरा उशिरा पोचत होती.

संध्याकाळी उजळणी. उद्या दुसरी यादी येणार, पहिली येऊन गेली. पण आज तिचं लक्षच नव्हतं. पोपट दुसऱ्या यादीत नाहीच, तरी तो मध्येच आणत होती. महिने उलटे म्हणताना ऑगस्टनंतर सप्टेंबर म्हणाली. मी चिडलो. "चौथीच्या लेकरांना येतं हे! ध्यान कुठंय तुझं?" असं मी शाळेत खडू आपटून म्हणायचो.

"पप्पा, थांबा जरासं," म्हणाली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. उलटी झाली होती. तिकडं सगळ्यात खोबरेल घालतात, तिला सोसत नाही. परत आली तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सतरा वेळा. शेवटी आलं.

१० फेब्रुवारी

दहापैकी दहा.

१८ फेब्रुवारी

दैवशालेनं जेवताना विषय काढला. "मला तिकडं जाऊ द्या. पोरीचा आवाज पातळ झालाय."

"आवाज पातळ म्हणजे काय?"

"ते मला सांगता येत न्हाई. पण तुम्ही तिला फोनवर रोज काय घोकून घेऊन राह्यलेत? पोरगी फुटबॉल खेळायला गेल्ती का पाढे म्हणायला?"

मी सांगितलं, हंगामाच्या मध्यात आईबाप जाऊन बसले तर खेळाडूचं लक्ष उडतं. ताट उचलताना ती एवढंच म्हणाली, "तुमच्या वर्गातली लेकरं पास व्हायची, पण कुणी हसताना दिसायचं न्हाई." हे तिनं एकतीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. दिवसभर ते मनातून गेलं नाही.

२६ फेब्रुवारी

अनोळखी नंबरवरून फोन. लिन्थोई. "अंकल, वो ठीक नहीं है. रात को रोती है, नाम भूल जाती है. कल मुझे दीदी बोला, मैं तो उससे छोटी हूं. आप उसको बोलो, डॉक्टर को सच बोलने का."

मी विचारलं, तू हे क्लबला सांगितलंस का? म्हणाली, अजून नाही, आधी तुम्हाला सांगतेय, तुम्ही बाप आहात. मी आभार मानले.

फोन ठेवल्यावर विचार केला. जागेसाठी टपलेली मुलगी एवढ्या काळजीनं कशाला बोलेल? बोलायला गोड आहे, तेवढं खरं. मी लगेच प्रियदर्शनीला बजावलं की याद्यांचा फोटो कुणाला दिसू देऊ नकोस आणि दुखलं-खुपलं कुणाजवळ बोलू नकोस. म्हणाली, "लिन्थोई चांगलीये पप्पा." मी म्हणालो, असेल.

२ मार्च

आज चेंडू अडवताना समोरचीचा कोपर लागला, तिसरा मार. खेळ थांबला नाही. सामना संपल्यावर मोना माझ्यामागं दुकानाच्या पायरीवर आली. जालन्याला तिचा दातांचा दवाखाना आहे. मोबाईलवर तिनं सामन्याचा एक तुकडा पुन्हा लावला. कोपर लागल्यानंतर प्रियदर्शनी उभी राहते आणि समोरच्या संघाच्या पोरींमध्ये जाऊन थांबते. त्यांच्यातलीच एक तिला खांद्याला धरून वळवते.

"काका, हे बराबर नाहीये. एक मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येते. जीवावर बेततं. आजच्या आज क्लबला फोन करा."

"तिची परीक्षा घेतात. दहापैकी दहा मिळतात तिला."

"मग परीक्षेतच काहीतरी चुकतंय," मोना म्हणाली.

मी हो म्हणालो. करतो फोन.

६ मार्च

फोन केला नाही. का केला नाही ते इथं तरी लिहावं. पहिलं, मोना दातांची डॉक्टर, तिला डोक्यातलं काय कळणार. दुसरं, यादी आठवड्यावर आली. तिसरं कारण लिहिताना हात अडतोय. क्लबनं विचारलं की मग तिला दहापैकी दहा कसे मिळाले, तर मी काय सांगू?

भीती वाटते. एवढं लिहिलं तरी पुरे. यादी लागली की तिला चांगली महिनाभर विश्रांती देईन. सोमवारची तिसऱ्या यादीची परीक्षा ती पास झाली, हे लिहायचं राहून गेलं होतं.

१२ मार्च

यादी लागली! तिसाव्या क्रमांकावर, पण नाव आहे. शिबिर पाच एप्रिलपासून. भागचंद शेठनं पेढे वाटले, पिंपळगाव रेणुकाईला देवीची ओटी भरायला दैवशालेला जीपनं पाठवलं. जुने विद्यार्थी फोन करून राहिलेत. घनसावंगीहून बबलूचा आला, आता पोलिसात आहे. म्हणाला, "गुर्जी, तुमचा पॅटर्नच जबरदस्त."

प्रियदर्शनीला कळवलं तर म्हणाली, "कशाचं शिबिर?" मी हसलो. नाटक करते पोरगी. मग तीही हसली, पण माझं हसू थांबल्यावर.

२३ मार्च

हंगामाचा शेवटचा सामना. एक-शून्यानं हरलो.

गोल प्रियदर्शनीनं केला. उंच आलेला चेंडू, बरोबर उडी, मान ताठ, कपाळाच्या मधोमध. अगदी जसं मी शिकवलं तसं. फक्त जाळी आमची होती. आणि गोल झाल्यावर तिनं दोन्ही हात वर केले आणि साथीदारणींकडं पळत सुटली. कुणीच तिला मिठी मारेना तेव्हा ती मध्येच थांबली.

शेठनं टीव्ही बंद केला. चूक कुणाकडूनही होते. मोठमोठे खेळाडू स्वतःच्या जाळीत गोल करतात. घरी येईपर्यंत मी हेच स्वतःला सांगत होतो.

२५ मार्च

लिन्थोईनं लेखी तक्रार केली. शिबिरवाल्यांनी कळवलं आहे की मेंदूच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र असल्याशिवाय प्रियदर्शनीला घेता येणार नाही. क्लबनं परीक्षेचे कागद पाठवले आहेत, तुमच्या गावाजवळच्या डॉक्टरांकडून त्यावर तपासणी करून घ्या म्हणे. तेच कागद, त्याच तीन याद्या. मला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदमच. जालन्याला मोनाच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, दोन एप्रिलची वेळ मिळाली.

२७ मार्च

प्रियदर्शनी आली. मी बदनापूर स्टेशनवर गेलो होतो. वाळली आहे. माझ्या पाया पडली, पिशवी उचलली आणि फाटकातून बाहेर पडून उजवीकडं चालू लागली. आमचं घर डावीकडं, सात मिनिटांवर. याच रस्त्यानं दहा वर्षं शाळेत गेली. मी हाक मारली तर म्हणाली, "इथं सगळं बदलून गेलं की पप्पा." नवीन दोन दुकानं झालीत खरी.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. ती काळा चष्मा घालून अंगणात आली, दोन मिनिटांत आत गेली. शेजारच्या प्रभावतीबाईंनी ताशा वाजवणाऱ्या लेकरांना पुढं हाकललं, कारण प्रियदर्शनी कान दाबून भिंतीशी बसली होती.

पुरणपोळी लाटताना दैवशालेनं तिला वेलदोडा आण म्हटलं. ती आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळानं मी बघितलं तर कपाटासमोर नुसती उभी. मी विचारलं, काय शोधतेस? ती घाबरून म्हणाली, "तुम्हीच सांगा ना." मी वेलदोडा म्हणालो. तिला एवढा आनंद झाला, की मला तिथं उभं राहवेना.

दैवशाला स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. मी नजर टाळली.

१ एप्रिल

तिन्ही याद्यांची उजळणी झाली. एकदाही चुकली नाही. आकडे उलटे, महिने उलटे, सगळं खणखणीत. सकाळी काय झालं ते तिला आठवत नाही आणि चावी-नदी-कांबळं झोपेतून उठवलं तरी म्हणते. असं कसं?

खरं म्हणजे मला माहीत आहे असं कसं. शाळेतही अशी लेकरं असायची. सगळं पाठ आणि पुस्तक मिटलं की डोळ्यांत काहीच नाही. त्यांना मी हुशारच धरायचो, कारण निकाल चांगला लागायचा. उद्या प्रमाणपत्र मिळेल. मग महिनाभर विश्रांती असं ठरलं होतं, पण शिबिर पाच तारखेलाच आहे. हा हिशेब मी आधी का केला नाही, समजत नाही.

२ एप्रिल

जालन्याहून आत्ताच परतलो. सगळं झालं तसं लिहितो.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत. दैवशालेला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं, मला आत थांबू दिलं. क्लबचा कागद समोर ठेवून त्यांनी पहिली यादी सावकाश वाचली. प्रियदर्शनीनं डोळे मिटले आणि दहाच्या दहा सांगितले. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. दुसरी यादी, दहा. महिने डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, कुठं अडखळणं नाही. डॉक्टर म्हणाले, "फारच छान. डोकं दुखतं का?" तिनं माझ्याकडं बघितलं. नाही म्हणाली. त्यांनी प्रमाणपत्राचा कोरा कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. तिचं नाव लिहून झालं होतं.

लिहिता लिहिता, सहज गप्पा मारतात तसं, त्यांनी विचारलं, "इथं कशानं आलात आज? बसनं की रेल्वेनं?"

आम्ही शेठच्या गाडीनं आलो होतो. मोना चालवत होती. उतरून वीस मिनिटंही झाली नव्हती.

प्रियदर्शनी वळून माझ्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, काहीतरी शोधत होते. माझ्या तोंडून उत्तर येईल याची तिला पक्की खात्री होती, एवढी की तिला भीतीही वाटत नव्हती. एकतीस वर्षांत इतक्या विश्वासानं माझ्याकडं कुणी बघितलं नाही. एक शब्द हळूच म्हटला असता तरी भागलं असतं. तोंड उघडलंही होतं मी.

मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, हे आपलं पाठ करायचं राह्यलं का?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं, कागदावरच्या याद्यांकडं बघितलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडं.

"गुरुजी," ते म्हणाले, "तिला कितीदा मार लागला?"

मी ही डायरी पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. एकोणीस जानेवारीचं पान उघडून दिलं आणि म्हणालो, इथून वाचा. ते वाचत असताना प्रियदर्शनी माझा हात धरून बसली होती. मध्येच तिनं विचारलं, "मी पास झाले ना?"

डॉक्टरांनी डायरी परत दिली आणि तिला तिथंच ठेवून घेतलं आहे. उद्या सकाळी मेंदूचं स्कॅन आहे. आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. दैवशाला तिच्याजवळ थांबली. तिला एवढंच ठाऊक आहे की पोरगी आजारी आहे. मी कपडे आणि डबा घ्यायला घरी आलो आहे. डबा भरून झाला. आता जाऊन दैवशालेला सांगायचं आहे.